डबा कुठल्या कोपऱ्यात

शनि. ३ जाने.
डबा आज चौथ्यांदा हलला. टीव्हीशेजारून सोफ्यामागे. मुलीने-जावयाने लग्नाच्या वाढदिवसाला होम थिएटर दिलं, तेव्हापासून श्रीयुतांना दुसरं काम नाही. पाच स्पीकर भिंतींवर गुपचूप बसलेत. पण हा डबा, म्हणजे सबवूफर, कुठे ठेवला यावर म्हणे सगळं अवलंबून. "खालचे सूर असतात ते. जागा चुकली की नुसते ढब्ब ढब्ब वाजतात. तुला नाही कळायचं."
नाहीच कळायचं. सात वर्षं गाणं शिकले, ते विणकाम होतं बहुधा.

सोम. ५
रांगण्याचा प्रयोग. श्रीयुतांनी कुठेतरी वाचलं: डबा सोफ्यावर, म्हणजे आपण बसतो तिथे ठेवायचा, सिनेमा लावायचा आणि भिंतीकडेने रांगत कान देत जायचं. जिथे आवाज भरीव येईल ती डब्याची जागा. अडुसष्ट वर्षांचा माणूस, अर्धी विजार, हॉलभर चार पायांवर. खालच्या लेलेबाई नेमक्या दारात. "काही हरवलंय का?" म्हटलं, "हो, पण आता शोधून उपयोग नाही."
निकाल: बाल्कनीच्या दाराजवळचा कोपरा. माझं शिलाई मशीन बाल्कनीत, डबा आत. त्या कोपऱ्यात पूर्वी माझा तानपुरा असायचा. श्रीयुतांना आठवलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

गुरु. ८
लेलेबाई परत. जिना चढून, धापा टाकत. मांडणीवरची भांडी थरथरतात, दुपारी डोळा लागत नाही. "तुम्ही सांगा हो त्यांना." सांगितलं. "दुपारी झोपण्यासाठी सोसायटी बांधलेली नाही," इति श्रीयुत.
ते बँकेत गेल्यावर डब्यामागचं आवाजाचं बटण डावीकडे फिरवलं, पार शून्यावर. हिरवा दिवा तसाच चालू. बटणाशेजारी त्यांनी पेनाने खूण करून लिहिलंय, 'हात लावू नये'. घरात माणसं दोन. कोणासाठी ते उघड आहे.

शुक्र. ९
संध्याकाळी सिनेमा. पूल कोसळतो तो प्रसंग. "अहाहा! ह्याला म्हणतात जागा!" डबा मुका. बाकीचे पाच स्पीकर बिचारे जमेल तेवढं करत होते. मी स्वयंपाकघरात तोंडात नॅपकिन कोंबून हसले.

मंगळ. १३
पाच दिवस झाले. आता मीच सुचवते. "अहो, जरा तिरका केला तर?" तिरका केला. दोन मिनिटं डोळे मिटून. "हं. आता खुलला." काल वीतभर पुढे, आज वीतभर मागे. प्रत्येक वेळी आधी रांगून खात्री. गुडघे सोलवटलेत, खोबरेल मीच लावून दिलं. मजा येतेय. लिहायला लाज वाटत नाही.
लेलेबाईंनी संक्रांतीआधीच तिळाच्या वड्या आणून दिल्या. दुपारची छान झोप लागते म्हणाल्या.

गुरु. १५
हसू संपलं. मेथी निवडताना एकदम लक्षात आलं, की हेच ते कान.
मुलगी दोन वर्षांची होती. सोसायटीच्या गणपतीत गायले होते. घरी आल्यावर, चपला काढता काढता: "षड्जच उतरलेला होता. लोक सभ्य, म्हणून टाळ्या." म्हटलं, गाण्याच्या बाई तर म्हणतात आवाज आहे. "बाई फी घेतात." पुढच्या महिन्यात क्लास बंद. वर्षभराने तानपुरा भाचीला देऊन टाकला. तेव्हापासून तेहतीस वर्षं आरतीसुद्धा ओठांतल्या ओठांत.
डबा वाजतोय की नाही हे ज्या माणसाला कळत नाही, त्याच्या शब्दावर.
भाजीत पानांऐवजी देठं पडली. श्रीयुतांनी खाल्ली. जिभेचंही तसंच असेल.

रवि. १८
आज प्रात्यक्षिक. खांबेटे नवरा-बायको, ह्यांचे ऑफिसातले जुने मित्र. सकाळी श्रीयुत आंघोळीला गेले तेव्हा हात बटणापर्यंत गेला होता. नाही फिरवलं. होऊ दे फजिती चारचौघांत.
पूल कोसळला. "छातीत जाणवतं ना?" खांबेटे: "थेट छातीत!" खांबेटेबाई: "माझं तर बाई अंग शहारलं." मी बटाटेवड्यांचं ताट घेऊन उभी. वाटत होतं, कोणीतरी म्हणेल, अहो, हे चालू आहे का? प्रत्येकी चार-चार वडे खाल्ले आणि जाताना लिफ्टपर्यंत कौतुक.
लिफ्टचं दार बंद झालं आणि लक्षात आलं. लोक खरंच सभ्य असतात. आजवर माझ्याकडे एवढंच होतं: हे काही म्हणोत, टाळ्या तर पडल्या होत्या. त्या असल्याच टाळ्या असतील तर...

बुध. २१
कान तपासायचे ठरवलंय. ह्यांना सांगितलं, वयानुसार सगळेच करतात. लगेच तयार. "माझ्या कानांना काय धाड भरलीय, बघू दे की डॉक्टरला."
डोकं ठिकाणावर ठेवून लिहिते. कान वयाने गेले असतील, तर तेव्हा शाबूत होते, आणि ते खरं बोलले. मी बेसूरच होते. कान आजही धड असतील, तर त्यांना कधीच काही कळत नव्हतं, आणि मी फुकट गप्प बसले.
नवरा बहिरा निघावा की निघू नये? देवापुढे नक्की काय मागायचं तेच कळेना. नुसता दिवा लावला.

शनि. २४
काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसले होते. आवाज आला की बटण दाबायचं. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखे दाबत होते. रिपोर्ट: वयाच्या मानाने उत्तम. खालचे आवाज तर अगदी स्वच्छ.
विचारलं, "सूर कळतो का, तेही ह्यात दिसतं?" डॉक्टर म्हणाला, "नाही आजी. ऐकू येतं की नाही, एवढंच." श्रीयुत घरी येईपर्यंत रिक्षात 'आजी'वर हसत होते. रिपोर्ट फ्रिजवर चिकटवलाय.
म्हणजे फुकट. पोळ्या लाटताना रडले. मग ह्यांची पोळी मुद्दाम कच्ची ठेवली.

सोम. २६
सांगून टाकलं. सुट्टी, पोहे. "अहो, डबा अठरा दिवस बंद आहे." चेहरा पडताना बघायचा होता. त्यासाठीच समोर बसले होते.
श्रीयुतांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. "माहीत आहे."
"माहीत आहे म्हणजे?"
"हलवताना बटण दिसतं की. तुला मजा येत होती. म्हटलं, घेऊ दे."
"आणि खांबेटे?"
"खांबेटे सभ्य आहेत."
खोटं! कोणी गंमत म्हणून गुडघे सोलवटून घेत नाही. पण ते उठल्यावर डबा पोटाशी धरून उचलून पाहिला. बटण समोरच येतं. डोळ्यांना दिसलं असणारच. कानांना काही कळलं होतं का, ते विचारायचं राहिलं. विचारलं तर 'अर्थात' म्हणतील.

बुध. २८
डबा टीव्हीशेजारी. दुकानातल्या माणसाने पहिल्या दिवशी ठेवला होता तिथेच. बटण खुणेवर. 'हात लावू नये' खाली आता दुहेरी रेघ. लेलेबाई दुपारी जिन्यात भेटल्या, तोंड फिरवून गेल्या.
मशीन बाल्कनीतच आहे. कोपरा रिकामा. झाडून घेतला.

रवि. १ फेब्रु.
श्रीयुत दूध आणायला गेले होते. वांगी चिरता चिरता सा लावला. ठरवून नाही. खरखरीत, पण आला. धरून ठेवला.
हॉलमधून: "उतरलाय."
परत कधी आले कळलंच नाही. आणि मी चढवला. विचार न करता, त्याच श्वासात, जरासा वर घेतला. हॉलमध्ये पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. म्हणजे पसंत.
वांगी फोडणीला टाकल्यावर डोक्यात उजेड पडला. कशाच्या मानाने उतरला? तानपुरा नाही, पेटी नाही. काही वाजत नसताना आपण लावू तोच षड्ज. गाण्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला माहीत असतं हे. मलाही माहीत होतं, आहे. तरी चढवला.
मुलगी दुपारी येऊन गेली, तिला सगळं सांगितलं. फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप घालून दिलंय. माझी पट्टी विचारली, मी पटकन सांगितली, विसरले नव्हते. "आता खरं काय ते लगेच कळेल तुला," म्हणाली.
फोन ओट्यावर उपडा ठेवलाय. श्रीयुत हॉलमध्ये आहेत. पुन्हा दूध आणायला उद्या सकाळी जातील.