फिशटँकमधलं लाकूड

प्रज्ञेश,

उद्या आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं येतील, त्यांच्या जेवणाची भाजी आणायला मंडईत चाललोय. तू रात्रपाळी करून झोपला होतास, म्हणून उठवलं नाही.

फिशटँकचं पाणी घाण झालेलं नाही. लाकडाचा रंग पाण्यात उतरलाय. आईने ते खडकवासल्याहून आणलं आणि न उकळताच आत ठेवलं. तिला धीर कुठला! आता मी ते मोठ्या पातेल्यात उकळलंय. ते तपकिरी पाणी ओतून दे आणि नव्या पाण्यात पुन्हा उकळ. पाण्याला रंग यायचा थांबेपर्यंत असंच करायचं.

टँकमधलं पाणी पाव भागच बदल. सगळं काढलंस तर मासे मरतील. नळाचं ताजं घालू नकोस, बादल्यांमध्ये कालपासून भरून ठेवलंय ते घाल. फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी टाकली आहे. तरी उद्यापर्यंत पूर्ण नितळ होणार नाही. कोणी विचारलं तर सांग, माशांना चहा दिलाय.

लाकूड फेकून प्लॅस्टिकचं झाड आणू म्हणालास. तू तिच्या साड्या वाटून टाकल्यास, चपला देऊन टाकल्यास, तेव्हा मी काही बोललो नाही. हे लाकूड मात्र राहू दे.

बाबा