सतरा वर्षं मागे

४ ऑक्टोबर १९९९, सोमवार
विभागाच्या बैठकीत माझी एकमताने निवड. १ जानेवारीला साल बदललं की जगभरचे कॉम्प्युटर १९०० समजून बिथरणार म्हणे. आपल्या इतिहास विभागातले नऊ वाचवायची जबाबदारी माझी. मागे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मीच काढला होता, त्याची ही पावती. (कागद फाटला, पण निघाला.)
मोठे सर डिसेंबरअखेर विभागप्रमुखपदावरून निवृत्त होताहेत. खुर्चीला उमेदवार दोनच : मी आणि आमचा एक सहकारी, ज्याला सगळे चष्मा म्हणतात. चष्मा सज्जन आहे, पण कॉम्प्युटरला हात लावायचा म्हटलं की त्याला घाम फुटतो. खुर्ची कुणाची, हे सांगायला ज्योतिषी नको.
उद्यापासून रोज दोन मशीन तपासायची.

११ ऑक्टोबर
तपासलेली मशीन : शून्य. पण तक्ता आखला, तीन रंगांत. टंकलेखक बाईंनी विचारलं, हिरवा म्हणजे काय. म्हटलं, तयार. तर म्हणाल्या, मग नऊच्या नऊ हिरवे कसे? काहींच्या स्वभावातच आशा नसते.

२९ ऑक्टोबर
विक्रेत्याकडून दुरुस्तीच्या नऊ फ्लॉप्या आल्या. सोबत चाळीस पानी पुस्तिका. तिसऱ्या पानावर डोळा लागला. माझं टेबल वर्षभर डुगडुगत होतं, पुस्तिका पायाखाली घातली. आता टेबल खडकासारखं. फ्लॉप्या खणात. सोमवारी बघू.

१६ नोव्हेंबर, सकाळी सहा
झोप नीट नाही. डोळा मिटला की नऊ पडदे दिसतात. उजवा पाय आपोआप हलतो. बायको म्हणाली, अख्खा पलंग हलतोय, एक तर तुम्ही दुसरीकडे झोपा, नाहीतर पाय तरी दुसरीकडे ठेवा. मोठ्या जबाबदारीत घरच्यांची साथ लागते ती अशी.
चहा सोडायचा. निदान तिसरा.

१७ नोव्हेंबर
चहा : पाच.

२ डिसेंबर
सुचलं! आमचं भिंतीवरचं घड्याळ मी दहा मिनिटं पुढे ठेवतो, उशीर होऊ नये म्हणून. बायको म्हणाली, पुढे ठेवून कधी वेळेवर पोचलात? आणि डोक्यात वीज चमकली. पुढे कशाला, मागे न्यायचं. कॉम्प्युटरला २००० साल दिसूच द्यायचं नाही. जुनी कॅलेंडरं उपसली. १९९९ आणि १९८२, वार जसेच्या तसे जुळतात. सतरा वर्षं मागे. इतिहास विभागाला मागे जायचं भय कसलं?

६ डिसेंबर
एकाच दुपारी नऊही मशीन १९८२ मध्ये. बाईंनी शंका काढली : आता कागदांवर तारीख कुठली छापून येणार? म्हटलं, पेन कशाला असतं, खोडून लिहा. मग म्हणाल्या, २००० ला २९ फेब्रुवारी आहे, १९८३ ला नाही. म्हटलं, फेब्रुवारीचं फेब्रुवारीत. बाईंनी मान डोलावली. पटलं असावं.

३० डिसेंबर
अर्जाची मुदत उद्या संपते. मोठे सर म्हणाले, आजच देऊन टाका, दोन महिने काय करत होता? म्हटलं, विभाग वाचवत होतो.
चार नंबरच्या मशीनवर अर्जाचा तयार नमुना आहे. जन्मतारीख आणि नोकरीला लागल्याची तारीख भरायची, बाकी सगळं तो स्वतःच मोजून छापतो. पाचला दहा कमी होती. बाई म्हणाल्या, सर, एकदा वाचून तरी बघा. मशीनवर एवढा अविश्वास बरा नव्हे. सही ठोकली आणि धावत कुलसचिवांच्या कार्यालयात देऊन आलो. पोच मिळाली.
चष्मा सकाळपासून हाताने अर्ज लिहितोय. तीन कागद फुकट. त्याच्या पेनातली शाई संपली तेव्हा मीच माझं पेन दिलं. जिंकणाऱ्याचं मन मोठं असावं.

१ जानेवारी २०००, शनिवार
सुट्टी असून विभागात गेलो. नऊही मशीन ठणठणीत. पडद्यावर १ जानेवारी १९८३, शनिवार. बायकोला फोन केला. म्हणाली, छान, येताना बटाटे आणा.
प्रमुख झाल्यावर पहिलं काम : खोलीला नवे पडदे.

३ जानेवारी, सोमवार
अर्ज परत आला. त्यावर छापलेलं असं : अर्जाची तारीख, ३० डिसेंबर १९८२. वय, तीस. अध्यापनाचा अनुभव, उणे दीड वर्ष. किमान पंधरा हवीत. खाली माझी सही, ठसठशीत. कारकुनाने लाल शाईत शेरा मारलाय : अर्जदाराने आधी नोकरीला लागावे, मग अर्ज करावा.
कार्यालयात गेलो. म्हटलं, मुदत उलटली तरी दुरुस्त करून घ्या, मी पंधरा वर्षं समोर वावरतोय. कारकून म्हणाला, साहेब, आम्ही कागद बघतो.
वैध अर्ज एकच उरला. दुपारी चष्मा खुर्चीत बसला. पहिला आदेश : मशीन आजच्या सालात आणा. बाईंनी माझ्या खणातून फ्लॉप्या घेतल्या. दोन तासांत नऊही तयार, २९ फेब्रुवारीसकट.
चष्म्याने पेन परत केलं. म्हणाला, फार छान चालतं हो.
पुस्तिकाही बाईंनी टेबलाच्या पायाखालून काढून नेली. विभागाची आहे म्हणे.
अक्षर हलतंय ते टेबलामुळे. दुसरं काही नाही.