माझ्या नावाने येणारे पार्सल

माझ्या बाबांनी भर सभेत माझ्या तोंडात मारली, ती मला वाचवण्यासाठी की गप्प बसवण्यासाठी, हे मला सांगता येत नाही. मृत्युपत्र अशा वाक्याने सुरू करत नाहीत, असे अरुणाताई म्हणाल्या. तरी मी ते इथेच ठेवायला सांगितले आहे.

मी, कुमारी मैत्री सुखदेव रामटेके, वय पंचवीस, शिक्षण बी.ए., धर्म बौद्ध, राहणार लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र करते. दबावाचे शब्द कायद्यासाठी आहेत. परवा सकाळी आमच्या दारावर रॉकेल ओतलेले होते आणि कडीला काडेपेटी दोऱ्याने बांधलेली होती. ज्याने बांधली त्याला मी गप्प व्हायला हवे होते, म्हणून मी बोलते आहे. माझा उजवा हात मोडला आहे. मयूर विहारमधल्या ज्या ग्राहक संस्थेत मी नोकरी करते तिच्या चिटणीस अरुणाताई जोग हे लिहून घेत आहेत.

एक. हे घर कोणालाही देता येत नाही, कारण ते सरकारचे आहे. बाबा सरकारी ऑफिसात दफ्तरी आहेत, फायली सांभाळतात. ते निवृत्त होईपर्यंत आम्ही इथे आहोत. नोएडात एका खोलीच्या फ्लॅटसाठी मी अर्ज भरला आहे. सोडतीत नंबर लागला तर तो फ्लॅट माझी आई प्रभावती हिचा. तिथे दारावर तिच्याच नावाची पाटी लावावी. तिला ती वाचता येत नसली तरी लावावी.

दोन. माझे पदवीचे प्रमाणपत्रही आईला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आईने ते देव्हाऱ्यात ठेवावे तसे बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली ठेवले आहे, तिथून हलवू नये.

याच शिक्षणामुळे पार्सल माझ्या नावाने येऊ लागले, तेही इथे नोंदवते. बाबांना गोंदियाची विडी लागते. दिल्लीची विडी म्हणजे रद्दी जाळल्यासारखी, असे ते म्हणतात. नोएडात एका कंपनीचे गोदाम झाले आणि आपापल्या गावची विडी, सिगरेट, पाइपची तंबाखू व्ही.पी.ने घरी येऊ लागली. पोस्टमनला पैसे द्यायचे आणि पार्सल सोडवून घ्यायचे. दिवसा बाबा ऑफिसात. आई अंगठा लावते म्हणून पोस्टमन कटकट करायचा. मी तेव्हा कॉलेजात होते, दुपारी घरी असायचे. मग बाबांनी माझे नाव दिले, आणि ज्यांची घरे दिवसा बंद असत त्या शेजाऱ्यांनीही माझेच नाव दिले. पोस्टमन जिन्यातून ओरडायचा, ‘‘मैत्री मॅडम, आपकी बीडी आ गई.’’ सगळा ब्लॉक हसायचा. मी सही करायचे. घरातली सही करणारी म्हणून मला त्याचा अभिमानही वाटायचा.

यंदा प्रस्ताव आला की तंबाखूचा कोणताही माल पोस्टाने विकायला बंदी असावी. त्यावर ओढणाऱ्यांचे म्हणणे काय, ते एका समितीला हवे होते. आमच्या भागाचे काम अरुणाताईंनी माझ्याकडे दिले. टेपरेकॉर्डर घेऊन मी घरोघर गेले. नाव कुठेही येणार नाही, असा शब्द मी प्रत्येकाला दिला.

वरच्या मजल्यावरचे जयंतकाका कर्णिक पाइप ओढतात. ते म्हणाले, ‘‘म्हणजे माणसानं दुकानात जाऊन मरावं, घरपोच मरू नये, एवढंच ना तुझ्या सरकारचं म्हणणं?’’ कोणी मला चहा दिला, कोणी दार लावून घेतले. एकाने विचारले की तुझा पगार सरकार देते की दुकानदार देतात. पण वामनकाका गजभिये, बाबांच्या ऑफिसातले ड्रायव्हर आणि बाबांचे सगळ्यात जुने मित्र, पाच मिनिटे शिव्या देऊन झाल्यावर काकू आत जायची वाट पाहत राहिले. मग टेपकडे बघून म्हणाले, ‘‘दुकानात जायचं तर माणूस एखादे दिवशी आळस करते. हे तर दारात येते, पोरी. तुम्हीच बंद करा. माझ्यानं नाही सुटत.’’ बाबांच्या कॅसेटवर बराच वेळ नुसता विडी ओढल्याचा आवाज आहे. शेवटी ते म्हणतात, ‘‘बंद करा म्हणून सांग. वामनला कळू देऊ नको.’’

तीन. वामनकाकांवर माझ्या मृत्यूनंतर कोणीही खटला भरू नये. समाज सदनातल्या कॉलनीच्या सभेत मी प्रस्ताव वाचला तेव्हा सगळे एका सुरात विरोधात ओरडू लागले. मला वाटले, यांना यांच्यातल्याच एकाचे ऐकवावे. नाव न सांगता मी वामनकाकांची कॅसेट लावली. आमच्या कॉलनीत भिंती पातळ आहेत. कुठला खोकला कोणाचा ते लहान मुलेही ओळखतात, आणि हे मी विसरले. कॅसेटवर पहिला शब्द येण्याआधी खोकला आला आणि मागून कोणीतरी म्हणाले, ‘‘अरे, हा तर आपला वामन.’’ मग त्यांचे रडवेले बोलणे सगळ्यांनी हसत ऐकले.

वामनकाकांनी लोखंडी खुर्ची उचलून माझ्या पाठीत घातली. मी पडले तेव्हा त्यांनी पेटती विडी माझ्या मानेवर दाबली आणि विझेपर्यंत दाबून धरली. तोवर बाकीचे उठले होते. पुढची कॅसेट आपली असेल, ही भीती प्रत्येकाला होती, म्हणून विरोधातले आणि बाजूचे सगळेच मारत होते. माझे केस कोणाच्या हातात होते ते मी पाहिले नाही. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी मला उभे केले आणि अशी मारली की माझा खालचा दात हलला. म्हणाले, ‘‘माझी पोरगी आहे. मी बघतो.’’ सगळे थांबले. बाबा मला घरी घेऊन आले आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत.

माझी सायकल वामनकाकांच्या धाकट्या मुलीला, कृतिकाला द्यावी. ती रोज त्यांच्या दारात उभी राहील. हे मी दयेपोटी करते आहे, असा समज त्यांनी करून घेऊ नये.

चार. पोस्टातली माझी शिल्लक माझा भाऊ अतुल याला, त्याने गोदामातली नोकरी सोडून पुन्हा शिकायला सुरुवात केली तर. नाहीतर संस्थेला. अतुल त्याच कंपनीत पार्सले बांधतो. सभेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या सुपरवायझरने त्याला सांगितले, बहिणीकडच्या कॅसेटी घेऊन ये, नाहीतर येऊच नको. मी लोखंडी कपाटापुढे उभी राहिले. तो म्हणाला, ‘‘दीदी, हट यार. मेरी नौकरी का सवाल है.’’ मी हात आत घालून कॅसेटींचा डबा धरून ठेवला. त्याने कपाटाचे दार लावले. मी हात काढला नाही, म्हणून त्याने पुन्हा लावले. मनगटाचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. मग तोच मला रिक्षात घालून इस्पितळात घेऊन गेला आणि डॉक्टरांना म्हणाला, जिन्यात पडली. वाटेत तो लहानपणी रडायचा तसा रडत होता. डबा माझ्या डाव्या काखेत होता. त्याने मागितला नाही.

पाच. माझ्या मयतीला विडीची बंडले वाटू नयेत. गावाकडची ही रीत दिल्लीतही चालते. आलेल्या माणसाला बसायला सतरंजी आणि ओढायला विडी. माझ्या देहाजवळ कोणी पेटवली तर आईने त्याला उठवून बाहेर काढावे, ते बाबा असले तरी. त्रिशरण-पंचशील म्हणावे. नशेपासून दूर राहण्याचे पाचवे शील म्हणताना आवाज खाली आणू नये.

सहा. जयंतकाकांविषयी माझ्या मनात राग आहे. मला मारत होते तेव्हा ते पाइप धरून खुर्चीत बसून होते. काल ते खाली आले आणि तुला साक्षीदार लागेल ना, असे विचारले. म्हणाले, ‘‘माझा विरोध आहे तिथेच आहे. सही देतो, मत नाही देत.’’ माझ्या पुस्तकांपैकी त्यांना हवे ते एक त्यांनी घ्यावे, असे मी म्हणाले. साक्षीदाराने काही घ्यायचे नसते, हे त्यांनीच मला शिकवले. म्हणून त्यांना काहीही नाही.

सात. टेपरेकॉर्डर संस्थेला परत. कॅसेटींसाठी कोणी आमचे दार जाळू नये. शुक्रवारी मी स्वयंपाकघराचे दार लावून त्या एकेक करून ऐकल्या. प्रत्येकाचे म्हणणे, जयंतकाकांचा टोमणा, शिव्या, विनवण्या, सगळे काही न गाळता, मी माझ्या आवाजात नव्या कॅसेटवर बोलले. कोणाचेही नाव घेतले नाही. प्रत्येक वेळी ‘मी’ असेच म्हटले. ते खोटे नाही, पार्सल माझ्याच नावाने येते. ‘माझ्यानं नाही सुटत’ हेही मीच म्हटले आणि ‘वामनला कळू देऊ नको’ एवढेच सोडून बाबांचे वाक्यही. मग जुन्या कॅसेटींची फीत ओढून काढली आणि आईने ती शेगडीत जाळली. दाराबाहेर बाबा उभे होते. त्यांनी आपला आवाज जळताना पाहिला, विडी पेटवली नाही.

नवी कॅसेट शनिवारी समितीच्या खिडकीत दिली. तिच्यावर कोणाचाही खोकला नाही. यापुढे कोणाला मारायचे असेल तर तिच्यात एकच आवाज आहे आणि तो माझा आहे.

सही डाव्या हाताची: मैत्री सुखदेव रामटेके
सही जुळत नाही अशी शंका निघू नये म्हणून खाली आईसारखा अंगठाही लावला आहे.

आम्हा दोघांसमोर तिने सही केली व अंगठा उठवला:
जयंत कर्णिक, लक्ष्मीबाई नगर
अरुणा जोग, मयूर विहार

नवी दिल्ली, रविवार, २१ नोव्हेंबर १९९९