बॉटला घातलेला राम राम

प्रिय शेखर,

तुझा बॉट फुकटात आला, असं तू सगळ्यांना सांगतोस. मी हिशेब केला. तो पडला एक्केचाळीस माणसांना आणि चिमणाबाईंच्या तीनशे जुड्या कोथिंबिरीला. लिलाव बंद असल्याचं आपल्या भाजीवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर आलं होतं, पण बाई आदल्याच दिवशी ग्रुपबाहेर गेलेल्या. मखमलाबादहून भाड्याच्या गाडीने मार्केटला गेल्या, फाटक बंद बघून परतल्या आणि सगळा माल म्हशीपुढे टाकला.

बॉट लावायला मीही हो म्हटलं होतं, नाकारत नाही. आपण दोघांनी चाळीस भाजीवाल्यांचा ग्रुप काढला, तो नऊशेवर गेला. कर्जाच्या जाहिराती आणि खोट्या बियाण्यांचे फोटो यायला लागले. नव्यांना दारात अडव, एवढंच मी म्हणालो. ॲडमिन तू एकटा, मला ती कटकट नकोच होती. तू जुन्यांनाही रांगेत उभं केलंस. बॉटने एकेकाला विचारलं, खरे असाल तर हा आकडा टाइप करा. आपली जुनी माणसं टाइप कधी करतात रे? कुणी नाव घेतलं की व्हॉइस दाबून राम राम घालायचा, ही आपल्याच ग्रुपची रीत. त्यांनी बॉटलाही घातला. वाळूतात्यांनी तर त्याला चहाला बोलावलं. बॉटला आवाज कळत नाही.

मला कळतो. भाव पडला की वाळूतात्या आधी खाकरतात, मग बोलतात. त्या खाकरण्यावरच मी गाडी थांबवायचो. म्हणून तर मार्केटात छाती काढून सांगायचो, ग्रुप गोरक्षच्या कानावर चालतो, मी नसलो तर दोन दिवसांत बसेल.

चिमणाबाईंच्या घरी गेलो, तर त्या म्हणाल्या, गोरक्षभाऊ, मी काय नकली हाय का? माझ्या हातची भाकर खाताना शेखरनं आकडा नाय मागितला. मी तुझीच बाजू घेतली. म्हटलं, मशीनने केलं, शेखरला काय माहीत. तेव्हा त्यांच्या भाचीने फोनवरचा मजकूर शेवटपर्यंत वाचून दाखवला: प्रशासक शेखर यांनी यादी तपासून मंजुरी दिल्यावर आपल्याला काढण्यात आले आहे. मी चहा अर्धा ठेवून उठलो.

हे फोनवर बोललो असतो तर हसून सोडून दिलं असतं, माझी खोड तुला ठाऊक आहे. बॉटने मलाही विचारलं होतं, शेखर. मीही राम रामच घातला. ग्रुपबाहेर पडलो तेव्हा वाटलं, यंत्राची चूक, तू संध्याकाळपर्यंत परत घेशील. चिमणाबाईंकडून आल्यावर माझ्याकडचा मजकूर नीट वाचला. तोच होता. त्या यादीतलं माझं नाव तू वाचून मंजूर केलंस की न वाचता, तेवढं कळव. बाकीच्या चाळीस जणांना आजच आत घे, माझं मग बघू. काल सुनेच्या, स्नेहलच्या फोनवर ग्रुप पाहिला. सोळा दिवस झाले. भाव रोज वेळेवर येतायत, आणि गोरक्ष कुठे आहे, असं एकानेही विचारलेलं नाही.

अजून तरी तुझाच,
गोरक्ष