पडीक चिखल

मंगळवार, १२ नोव्हेंबर. बोरिवली.

गोराईच्या खाडीत आमच्या संस्थेने तिवराची, म्हणजे खारफुटीची रोपं लावली, भोवती जाळी ठोकली. आज ओहोटीला तिथली मेरीमावशी शिंपल्यांची रिकामी टोपली घेऊन जाळीपाशी उभी.

"शिवल्या इथंच मिळायच्या गं. रोपं कडेला लावली असतीस, तर तीपण जगली असती, आम्हीपण. एकदा विचारायचंस ना!"

लागवडीच्या फॉर्मवर जागेपुढे 'पडीक चिखल' मीच लिहिलं. पडीक! तेही तिच्याच ओट्यावर बसून, तिने केलेल्या शिवल्या दुसऱ्यांदा मागून खाल्ल्यावर. झकास झाल्यात म्हणाले. कुठून आणल्या, ते विचारायचं सुचलंच नाही मला.

घरी येऊन फॉर्म काढला. 'पडीक'च्या शेजारी माझ्याच बोटाचा, रश्शाचा पिवळा डाग आहे.