डावखुरी मूठ

१२ मार्च, मंगळवार

पोचलो एकदाचे! विमानात बसल्या बसल्या हे झोपले ते थेट उतरायलाच उठले. मी मात्र पुढच्या सीटच्या पाठीचं ते पाडायचं टेबल बघत बसले. ज्याने ती बिजागरी बनवली त्याला एकदा भेटून विचारायचंय – बाबा रे, तू स्वतः कधी विमानात जेवलायस का?

हॉटेलच्या खोलीत दिव्याचं बटण कपाटाच्या मागे. बाथरूमचं दार आणि कपाटाचं दार समोरासमोर, एक उघडलं की दुसऱ्याचा रस्ता बंद. हे आत अडकले. मी आधी फोटो काढला, मग कपाट लावलं. त्यावरून तासभर अबोला. अहो, पण असा नमुना पुन्हा कुठे मिळणार? खिडकीची कडी मात्र काय सुंदर! एका बोटाने फिरते, आवाज नाही. समोर समुद्र.

संध्याकाळी लेक आली. वाळलीय. इथली नोकरी मानवते म्हणते, पण डोळ्यांखाली काळं दिसतं. दहा मिनिटं लाड झाले आणि मग दम द्यायला सुरुवात. शुक्रवारी जेवायला जायचंय तिच्या त्या लंबूच्या घरी. (लंबू माझं नाव. मुलगा चांगला आहे, फक्त प्रत्येक दारातून वाकून जातो.) माणसं आपलीच, दोन पिढ्या इकडे राहिलेली. वडील वारले, घरात आई एकटी. ती फारशी कुणात मिसळत नाही. लग्न झालं की हिला त्याच घरात राहायचंय, म्हणून आईचं मन जुळायला हवं. ते नाही जुळलं तर लंबू पुढे सरकणार नाही, आणि ही त्याला सरकवणार नाही.

"आई, घराबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. कबूल?"

कबूल म्हटलं. एवढं काय घोडं मारलंय मी कुणाचं? मागे मी माझ्या मावसभावाच्या नव्या बंगल्यात जिना दवाखान्यासारखा दिसतो म्हणाले, तर सहा महिने फोन नाही. पण दिसतो! त्याची बायको नंतर स्वतःच म्हणाली.

१३ मार्च, बुधवार

काय करून बसले मी!

सकाळी हे नाश्त्याच्या टेबलावर तिसऱ्या फेरीला बसले होते, म्हणून मी एकटीच निघाले. लंबूचं घर फक्त बाहेरून बघायचं होतं. लेकीने घराबद्दल बोलू नको म्हटलं होतं, बघू नको असं कुठे म्हटलं होतं? जिथे पोरगी नांदायला जाणार तिथलं दार तरी बघू नये का आईने? मला दारावरून माणूस कळतो. कचेरीत सगळं आयुष्य गेलं, डिझाइन कुठे शिकायला गेले नाही, पण घरी माझ्या एका खणात जुन्या मुठी, कड्या, कोयंडे भरलेत. हे त्याला भंगार म्हणतात.

गल्ली उताराची, खाली समुद्र. लेकीने दिलेल्या पत्त्यावर घर सापडलं. दार निळं, रंग उडालेला, काही विशेष नाही. आणि मूठ – देवा रे! लाकडाची. पितळ नाही, लोखंड नाही. गुळगुळीत झालेलं गडद लाकूड, दांड्यासारखं, अंगठ्यासाठी कोरलेली खोबण. हात लावल्याशिवाय राहवेना. उजव्या हाताने धरली तर बसेना. खोबण भलत्याच बाजूला! पुन्हा धरून पाहिली. मग डोक्यात आलं आणि डावा हात लावला. अशी बसली हातात, जणू कुणी हातात हात दिला. डावखुऱ्या माणसाने डावखुऱ्यासाठी केलेली मूठ! साऱ्या जन्मात अशी पाहिली नाही.

एवढ्यात दार आतून उघडलं. मी मूठ सोडलीच नव्हती, त्यामुळे दाराबरोबर मीही आत. समोर एक बाई, डोक्याला टॉवेल, हातात पाण्याची झारी. इथल्या भाषेत काहीतरी विचारलं. मला त्या भाषेतली येतात ती वाक्यं तीन: धन्यवाद, किती झाले, आणि स्वच्छतागृह कुठे आहे. घाबरून तिसरं बोलले. बाईने शांतपणे खाली समुद्राकडे बोट दाखवलं. मी धन्यवाद म्हणून उलट्या दिशेने सुटले, तर पुढे गल्ली बंद. परत तिच्या दारावरूनच यावं लागलं. ती उभीच.

होणारी विहीण! धरणी फाटून आत घेतलं असतं तर बरं झालं असतं.

१४ मार्च, गुरुवार

लेकीला सांगितलं नाही. यांना सांगितलं, तर हसून हसून उचकी लागली.

दुपारी खुर्च्यांच्या संग्रहालयात गेलो. मला इथे यायचं होतं ते खरं तर यासाठी! लग्नाचं ठरायच्या आधीपासून. एक खुर्ची तीन पायांची, बघून डोळ्यांत पाणी आलं. "बसू नये" अशी पाटी होती, मी बसले नाही. हे बसले. पाय दुखत होते म्हणे. रखवालदाराने दंडाला धरून उठवलं तेव्हा विचारतात, मग खुर्ची कशाला ठेवलीय?

आणि एवढं करून म्हणाले, पाठीला बरी आहे. माझा अर्धा राग तिथेच गेला.

१५ मार्च, शुक्रवार, सकाळ

अंबाडा सोडून पोनीटेल घातली. काळा गॉगल लावून पाहिला. हे म्हणाले, कुणाची तरी आत्या घरातून पळून आल्यासारखी दिसतेस. ओळखणार नाही ना, विचारलं. म्हणाले, ओळखेल, पण घाबरेल. गॉगल काढला.

शुक्रवार, जेवून आल्यावर

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

दार विहीणबाईंनीच उघडलं. साधी, नीटनेटकी बाई, आवाज हळू. माझ्याकडे बघितलं, पण ओळखल्याची काही खूण नाही. मी सुटले म्हटलं! कोट काढून ठेवत होते तेवढ्यात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "परवा तुम्ही मूठ डाव्या हाताने धरली होती." त्या म्हणाल्या, आजवर आलेला प्रत्येक माणूस उजव्या हाताने झटापट करतो आणि दार जाम आहे म्हणतो. मूठ त्यांच्या नवऱ्याने केलेली. होड्या दुरुस्त करायचे ते, डावखुरे. मोडक्या वल्ह्याच्या दांड्यातून कोरली. हे सांगताना थोडं हसल्याही. लेकीला काही कळेना, ती आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, जिंकलं! पोरीचं सोनं झालं.

मग जेवायच्या खोलीत गेलो.

खोली छान, टेबल छान. पण समोरच्या भिंतीला एक प्रचंड कपाट, बश्यांनी भरलेलं. आणि कपाटाच्या वर चौकटीची कड दिसतेय! बाजूने उजेडाची एक चिंचोळी पट्टी येतेय! मागे लाटांचा आवाज! म्हणजे तिथे खिडकी, समुद्राकडची, भिंतभर मोठी. आणि तिच्यासमोर कपाट! शोधून शोधून जगात एकच जागा जिथे कपाट ठेवू नये, तिथे कपाट.

मी जीभ चावली. सूप प्यायले. हवेबद्दल बोलले. विमानाबद्दल बोलले. यांच्या पित्ताबद्दल बोलले, इतकी वेळ आली माझ्यावर. लेक डोळे वटारून बघत होती, तिला माझी नजर कुठे जातेय ते कळलं होतं. टेबलाखालून लाथ मारली, ती लागली यांना. हे म्हणाले, काय झालं? लंबूने विचारलं, आणखी वाढू का? आणि त्या गडबडीत माझ्या तोंडून निघून गेलं, "ते कपाट तेवढं हलवा हो. सगळा समुद्र अडवलाय त्याने."

लंबूने चमचा खाली ठेवला.

विहीणबाई म्हणाल्या, "मुद्दाम अडवलाय. हे सकाळी होडी घेऊन गेले. होडी सापडली, हे नाही."

उठून बश्या गोळा करायला लागल्या. मी मदतीला उठले, तर नको म्हणाल्या. अगदी सौम्यपणे. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना दार लंबूने उघडलं.

१६ मार्च, शनिवार

लेक सकाळीच आली. रडून डोळे सुजलेले. म्हणून तर सांगितलं होतं ना, म्हणाली. मी म्हटलं, मग कारण का नाही सांगितलंस?

"कारण सांगितलं असतं तर तू तेही बोलून दाखवलं असतंस."

खरं आहे. लंबू काल रात्रीपासून फोन उचलत नाही. त्या घरात आजवर त्या कपाटाचा विषय कुणी काढलेला नाही, मुलानेसुद्धा. सगळे त्याला वळसा घालून जेवतात. आणि मी पाहुणी म्हणून गेले आणि सुपाबरोबर काढला. माझ्या पोरीचा संसार मांडायच्या आधीच मी उधळला. एका कपाटापायी! दुपारी यांनी चहा करून समोर ठेवला. घरी कधी करत नाहीत.

उद्या दुपारचं विमान. त्याआधी जाऊन पाया पडायची तयारी आहे माझी.

बाहेर जावंसं वाटत नाही. खिडकीची कडीसुद्धा बघवत नाही.

१७ मार्च, रविवार

विमान चुकलं. हे बोलत नाहीयेत.

सकाळी यांना म्हटलं, बॅगा भरा, मी आलेच. वाटभर माफीचं वाक्य घोकत गेले. मूठ डाव्या हाताने धरली, दार उघडंच होतं. हाक मारली तर आतून "या" एवढंच आलं. विहीणबाई जेवायच्या खोलीत, बाह्या वर सारलेल्या, घामाघूम. सगळ्या बश्या टेबलावर काढून ठेवलेल्या. कपाट एका कडेने वीतभर सरकून तिरकं अडकलेलं, आणि जमिनीवर उन्हाचा पट्टा पडलेला. माझं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

कपाळ पुसत म्हणाल्या, "बरं झालं आलात. एकटीने हलत नाही हो."