कमीजास्त पट्ट्या

प्रिय सूनबाई,

तुला अशी हाक मारलेली आवडत नाही हे ठाऊक आहे, पण पत्रात तू मला अडवू शकत नाहीस. फोनवर मी रोज मजेत असतो. ते साफ खोटं आहे. काल भाजी करपली, परवा दूध उतू गेलं आणि दोन्ही वेळा मी गॅससमोरच उभा होतो. संध्याकाळी कुलूप काढलं की घर खायला उठतं. म्हणून हल्ली सकाळी निघताना तुझ्या खोलीतला दिवा लावून जातो. परत येताना रस्त्यावरून खिडकी उजळलेली दिसते, तेवढाच धीर. मग आत येऊन तो दिवा मीच बंद करतो.

शुक्रवारी तू तिथल्या ऑफिसला नकार कळवणार आहेस. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलीस, आता तिथेच कायमची जागा मिळतेय, काम मनासारखं आहे, आणि तू ते सोडून येणार, कारण इथे म्हातारा एकटा आहे. त्यावर येतोच. आधी प्रयोगशाळेची बातमी ऐक, तुझ्याखेरीज ती कौतुकानं ऐकणारं दुसरं कुणी नाही.

आमचा तो काचेचा लांबलचक कालवा तू पाहिलाच आहेस. तळाला वाळू, पंपानं सोडलेलं पाणी आणि त्यात खोटं गवत लावत बसणारा मी. गवतवाला हे नाव तूच ठेवलंस, आता माझे विद्यार्थीही पाठीमागे तेच म्हणतात. या वेळी आधी कालवा रिकामाच चालवला. पाणी सुसाट गेलं आणि जाताना वाळूही घेऊन गेलं. मग ताठ काड्या रोवल्या. पाणी वरच्या बाजूला तुंबलं, काडीकाडीमागे भोवरे फिरायला लागले, आणि वाळू धरून ठेवायला लावलेल्या काड्यांच्या बुडाशीच खड्डे पडले. त्यातल्या काही तर उखडून वाहून गेल्या.

शेवटी तुझ्या पट्ट्या काढल्या. जायच्या आधी जेवणाच्या टेबलावर बसून तू हिरव्या प्लास्टिकच्या कापून दिल्या होत्यास, त्या. एकीच्या लांबीचा दुसरीशी मेळ नाही. मी कुरकुरलो, तर म्हणालीस की खरं गवत काय दर महिन्याला न्हाव्याकडे जातं का. त्याच चिकटवल्या. पाणी आलं तशा त्या वाकल्या. पाणी वरून झपाट्यानं निघून गेलं, भोवरे पट्ट्यांच्या शेंड्यांपाशीच घोळत राहिले, आणि खाली बुडाशी पाणी इतकं संथ की वाळू जागची हलली नाही. सगळे जेवायला गेले तरी मी काचेला नाक लावून बसलो होतो. हे कुणाला सांगू म्हणून वळलो, तर मागे कुणी नव्हतं.

माझा पोरगा, तुझा नवरा गेला, तेव्हापासून आपण दोघं एकमेकांना धरून आहोत. धरलं नसतं तर माझं काय झालं असतं, देव जाणे. शेजारीपाजारी म्हणतात, सून असावी तर अशी, आणि मी छाती फुगवून ऐकतो. पण तू मैत्रिणींबरोबर फिरायला गेलीस तरी अर्ध्या वाटेतून परततेस, मला गोळी द्यायला. गोळी मला घेता येते गं. तू आलीस की बरं वाटतं, म्हणून मी कधी तसं म्हणालो नाही.

एवढं रडगाणं का गायलो, ते सांगतो. फोनवरच्या त्या मजेतल्या म्हाताऱ्यानं तुला तिथेच राहा म्हटलं असतं, तर तुला ते खरं वाटलं नसतं. म्हणून आधी खरं ते सगळं लिहिलं. तुझ्यावाचून मला करमत नाही. आणि तरीही सांगतो, शुक्रवारी हो म्हण. तुझं सगळं आयुष्य माझ्यापाशी तुंबून राहावं, हे माझ्या पोरालाही आवडलं नसतं. मला वाकायला जमेल. सुट्टीत ये तेव्हा कात्री घेऊन बस, पट्ट्या कमी पडताहेत, आणि मी कापतो त्या सगळ्या एकाच लांबीच्या होतात. आज सकाळी तुझ्या खोलीतला दिवा न लावता निघालो होतो. संध्याकाळी अंधारात चपलांना अडखळलो, पण आलो आत.

तुझाच,
गवतवाला बाबा